‘तू हसत का नाहीस?’ – तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

दोन अंकांपूर्वी मी तोंडावरून वारं जाण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतर जी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले ते वाचताना लक्षात आलं की आजार प्रत्येकाचा वेगळा आहे पण दुखणं एकच आहे. चेहरा हलत नाही आणि समोरचा माणूस त्याचा भलताच अर्थ लावतो. मी गेली 22 वर्षं फिजिओथेरपी करते आणि हे रोज बघते, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची आहे, कोल्हापूर जिल्ह्यात राहते, एम.कॉम. झालंय. मला जन्मापासून मोबियस सिंड्रोम आहे म्हणजे मला हसता येत नाही, डोळे पूर्ण मिटत नाहीत आणि बुबुळं बाजूला वळत नाहीत म्हणून कुणाकडे बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते. शाळेत मला मख्ख म्हणायचे, आता तोंडावर कोण म्हणत नाही पण कळतं. मागच्या महिन्यात एका फायनान्स कंपनीत इंटरव्ह्यू होता, अकाउंटचे सगळे प्रश्न बरोबर आले आणि शेवटी ते सर म्हणाले की तुम्हाला या नोकरीत इंटरेस्ट दिसत नाही. मला इतका हवा होता तो जॉब. घरात आता बघायचे कार्यक्रम सुरू आहेत, दोन ठिकाणांहून निरोप आला की मुलगी शिष्ट वाटली. आई म्हणते आधी काही सांगायचं नाही, आल्यावर बघतील त्यांचं ते. बहिणीच्या हळदीला मी सगळ्यात जास्त नाचले आणि नंतर फोटो बघून मामी म्हणाली, हिला बहिणीचं लग्न बघवलं नाही वाटतं. त्या रात्री मी खूप रडले. रडताना पण माझा चेहरा तसाच असतो, नुसतं पाणी येतं. ऑपरेशन करून हसू येतं असं वाचलंय, ते खरं आहे का? आणि तोपर्यंत मी लोकांना काय सांगू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मामींच्या त्या वाक्याचा मला रागच आला, तो आधी सांगून टाकते. ज्या मुलीच्या अंगावर नाचून नाचून घाम आला होता तिचं मन त्यांनी एका फोटोवरून ठरवलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. मेंदूतून ज्या नसांच्या बारा जोड्या निघतात त्यातली सातवी चेहऱ्याचे स्नायू हलवते आणि सहावी डोळा बाहेरच्या बाजूला वळवते. मोबियसमध्ये या दोन्ही नसा जन्मापासूनच नीट वाढलेल्या नसतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या. पाउल मोबियस या जर्मन डॉक्टरांनी 1888 साली याचं सविस्तर वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव पडलं आणि 24 जानेवारीला, त्यांच्या वाढदिवशी, जगभर या आजाराचा दिवस पाळतात. हा आजार वाढत जात नाही, आणि बुद्धी बहुतेकांची चारचौघांसारखीच असते. अशा बाळाला दूध ओढता येत नाही, पुढे बोलायला लागलं की प, फ, ब, भ, म अडतात कारण त्यांना ओठ मिटावे लागतात. माझ्याकडे एक मुलगी यायची, तीन वर्षांची, ती ‘आई’ स्पष्ट म्हणायची आणि ‘बाबा’ म्हणायला गेली की वेगळंच काहीतरी निघायचं, तिच्या वडिलांना ते फार लागायचं. पुढे ती जिभेचं टोक वरच्या ओठाला लावून ‘बाबा’ म्हणायला शिकली. त्या एका शब्दासाठी पोरीने आठ महिने घेतले होते, आणि बाहेरचे लोक तिला बघून म्हणायचे की हिला काही कळत नाही वाटतं.

आता तुझा मुख्य प्रश्न. तुझ्या आईंचं म्हणणं मला पटत नाही, अगदी स्पष्ट सांगते. आईंना वाटतं आधी सांगितलं तर लोक येणारच नाहीत, त्यांची भीती मला कळते. पण न सांगता ते आले तर काय होतं बघ ना, समोरच्याला दिसतं की मुलगी हसत नाही, कारण माहीत नसतं, मग मन स्वतःच कारण शोधतं, आणि आपल्याकडे न हसणाऱ्या मुलीसाठी तयार शब्द दोनच आहेत, एक तर शिष्ट नाहीतर मनाविरुद्ध बसवलेली. त्या दोन्ही घरांनी तुला नाकारलं असं मला वाटतच नाही, त्यांनी मनातल्या मनात एक वेगळीच मुलगी उभी केली आणि तिला नाकारलं. इंटरव्ह्यूच्या सरांनीही तेच केलं.

म्हणून आपली गोष्ट आपणच आधी सांगायची. बघायला यायच्या आधी फोनवर, इंटरव्ह्यूला खुर्चीत बसल्या बसल्या. आणि रडवेल्या सुरात अजिबात नाही, जसं आपण सांगतो की मला चष्मा आहे तसं. ‘माझ्या चेहऱ्याच्या नसा जन्मापासून काम करत नाहीत, त्यामुळे हसू चेहऱ्यावर दिसत नाही. मला इथे येऊन आनंद झालाय, ते तुम्हाला माझ्या बोलण्यातून कळेल.’ एवढंच. आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करून ऐक, कारण तुझं हसू आवाजात आहे, ते तिथे घोटायचं. अमेरिकेत ऑरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅथलीन बोगार्ट म्हणून मानसशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, त्यांना स्वतःला मोबियस आहे आणि त्यांनी याच विषयावर अभ्यास केलाय. चेहरा लुळा असलेल्या माणसांचे व्हिडिओ लोकांना दाखवले, तेव्हा जी माणसं आवाजाचे चढउतार, हातवारे आणि अंगाची हालचाल जास्त वापरत होती ती बघणाऱ्यांना जास्त आनंदी वाटली. म्हणजे चेहरा बंद असला तरी बाकीची दारं उघडी असतात. अर्थात सगळं ओझं तूच उचलायचं असं माझं म्हणणं नाही, बघणाऱ्यांनीही शिकलं पाहिजे, पण पुढच्या इंटरव्ह्यूपर्यंत सगळं जग शिकणार नाही ना.

तुला ललिता पवार माहीत असतील, निदान टीव्हीवरच्या रामायणातली मंथरा म्हणून तरी. मूळच्या येवल्याच्या. त्या आधी हिरॉइन होत्या. 1942 साली एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तीन वर्षं उपचार चालले पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. हिरॉइनची कामं गेली आणि खाष्ट सासूची कामं आली, बायका म्हणे त्यांचा पडद्यावरचा चेहरा बघून शिव्या द्यायच्या. पण 1959 च्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा आठव, वरून कडक आणि आतून मायेने भरलेली घरमालकीण, त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. डोळा तोच होता, चेहरा तोच होता. प्रेक्षकांना माणसाची गोष्ट वेगळी सांगितली आणि त्याच डोळ्यात त्यांना माया दिसली. मी हे उदाहरण माझ्या पेशंटना नेहमी सांगते, कारण त्या बाईंनी अख्खं आयुष्य त्याच चेहऱ्यानं काम केलं.

ऑपरेशन खरं आहे. मांडीच्या आतल्या बाजूचा एक स्नायू असतो, ग्रॅसिलिस, त्याचा छोटा तुकडा रक्तवाहिनी आणि नसेसकट काढून गालात बसवतात आणि चावण्याच्या स्नायूला जाणाऱ्या नसेला जोडतात. त्यामुळे सुरुवातीला दात आवळले की गाल वर जातो, म्हणजे हसायचं तर आधी चावायचं, मग सरावाने पुष्कळ जणांना ते बऱ्यापैकी सहज जमायला लागतं. लहानपणी करतात तसं मोठ्यांचंही होतं. पण हे मायक्रोसर्जरी करणाऱ्या प्लास्टिक सर्जनचं काम आहे, तासन्‌तास चालणारं, आणि त्यातून कोपरा वर जातो, अख्खा चेहरा बोलका होत नाही. तुला स्वतःला ते हसू हवं असेल तर जरूर चौकशी कर. मामींसाठी किंवा बघायला येणाऱ्यांसाठी करणार असशील तर थोडी थांब, असं मी धाकट्या बहिणीला सांगावं तसं सांगते.

आणि दोन गोष्टी राहिल्याच, रात्री डोळ्यात मलम घालतेस ना? स्कूटीवर जाताना गॉगल लाव, तुझे डोळे मिटत नाहीत तर धुळीपासून त्यांना वाचवणारं दुसरं काही नाही. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत मोबियसचं नाव वेगळं नाहीये, पण बोलण्याचं किंवा दृष्टीचं अपंगत्व त्यात आहे, तुला तशी अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घे, नोकरीला उपयोग होऊ शकतो.

प्रश्न : नमस्कार. आमचे हे 68 वर्षांचे आहेत, रिटायर शिक्षक. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. गोळ्यांनी हाताची थरथर कमी आहे, फिरतात, आंघोळ स्वतः करतात. पण दोन वर्षांपासून चेहरा एकदम कोरा झालाय. मी काही सांगत असले की नुसतं बघत राहतात, पापणीसुद्धा लवत नाही. भाजी कशी झाली विचारलं तर हळूच ‘बरी’. मुलगा परदेशात असतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो, नात गाणं म्हणून दाखवते आणि हे दगडासारखे बसलेले. मागच्या वेळी नात विचारत होती आजोबा माझ्यावर रागावलेत का. शेजारीण म्हणते डोक्यावर परिणाम झाला असेल. 41 वर्षांचा संसार आहे, कधी उंच आवाजात बोलले नाहीत माझ्याशी, आणि आता मला वाटायला लागलंय की यांना माझा कंटाळा आला. हे लिहिताना सुद्धा लाज वाटते.

उत्तर : काकू, लाज वाटायचं काहीच कारण नाही. पार्किन्सन्सच्या घरात राहणाऱ्या कितीतरी बायकांनी मला हे खासगीत सांगितलंय आणि खरं सांगू का, मी स्वतः यातून गेलेय.

माझ्या आईला पार्किन्सन्स होता. मी या क्षेत्रातली, पुस्तकात वाचलेलं सगळं पाठ, आणि तरी माझ्या मुलीच्या बारशाला मी फसले. आईला पाळण्याजवळ बसवलं होतं, बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत होत्या आणि आईचा चेहरा असा की जणू सुतकात बसलीय. माझ्या सासरच्या एक आत्या हळूच म्हणाल्या, मुलगी झाली म्हणून नाराज आहेत का तुमच्या आई? मला इतकं वाईट वाटलं की मी क्षणभर आईवरच चिडले, अगं एकदा तरी हस ना. मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तिच्या हातात पाळण्याची दोरी होती आणि ती दोरी ती गाण्याच्या ठेक्यात ओढत होती, एकही ठेका न चुकवता, आणि अंगठा दोरीवरून सारखा फिरत होता जसा ती आमच्या कपाळावरून फिरवायची. मी वाकून तिच्या तोंडाजवळ कान नेला तर ती पण म्हणत होती, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. सगळं म्हणत होती. कुणाला ऐकूच येत नव्हतं.

तर काय होतं ते सांगते. मेंदूत खोलवर डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि जी हालचाल आपण विचार न करता करतो तीच आधी जाते, चालताना हात हलणं, पापणी लवणं, गोष्ट ऐकताना आपोआप ओठ हलणं. पापण्या आपल्या मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवतात, यांच्या फार कमी, म्हणून ते टक लावून बघतायत असं वाटतं. इंग्लंडमध्ये जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजारावर पहिलं लिखाण केलं, दोनशे वर्षं झाली, आणि अजूनही घरोघरी लोकांना थरथर माहीत असते, चेहऱ्याचं कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी सांगायला हवं होतं तुम्हाला, पहिल्याच दिवशी. गंमत म्हणजे ठरवून केलेलं हसू बऱ्याच जणांना जमतं. फोटोच्या वेळी ‘सर, हसा’ म्हणून बघा. मनातून येणारं हसू मात्र चेहऱ्यापर्यंत पोचता पोचता अडतं, पण मनात ते आलेलं असतं.

म्हणून चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधू नका, त्यांना विचारा आणि मग वाट बघा, नेहमीपेक्षा जास्त, कारण उत्तर यायलाही वेळ लागतो आणि आपण घाईत पुढचा प्रश्न टाकतो आणि ते गप्प बसतात. ‘भाजी कशी झाली’ला ‘बरी’ येणारच हो, ‘कालच्यापेक्षा चांगली का कालची चांगली होती’ असं विचारा. तुमच्या दोघांची एखादी खूण ठरवा, हात दोनदा दाबला म्हणजे आवडलं. माझ्या एका पेशंटच्या घरी ही खूण आहे, त्या बाई म्हणतात आमचं लग्न झालं तेव्हा हे चारचौघांत हातसुद्धा धरायचे नाहीत, आता दिवसातून दहा वेळा दाबतात.

व्हिडिओ कॉल गोळीनंतर तासाभराने ठेवा, गोळीचा जोर असतो तेव्हा चेहरा आणि आवाज दोन्ही जरा मोकळे असतात. नातीला आधीच सांगा की आजोबांच्या चेहऱ्याला हसायला वेळ लागतो, ते हाताने टाळ्या वाजवतील. मुलांना एकदा सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात, हे मी पक्कं सांगते. आणि सर शिक्षक होते ना, मग त्यांना ‘मोठ्याने बोला’ असं म्हणू नका, म्हणा ‘शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाऊ दे’. मी एका रिटायर मुख्याध्यापकांना हे म्हटलं आणि त्यांची पाठच सरळ झाली, आवाज असा आला की बाहेरच्या पेशंटनी आत डोकावून बघितलं. रोज दहा मिनिटं पेपर असाच वाचायला लावा. जमलं तर स्पीच थेरपिस्टना दाखवा.

शेजारणीचं ऐकू नका, कोरा चेहरा म्हणजे डोकं गेलं असं नसतं. पण एक गोष्ट मात्र तपासून घ्या, पार्किन्सन्समध्ये डिप्रेशन पुष्कळ जणांना येतं, आणि चेहऱ्यावरून ते ओळखता येत नाही, झोप, भूक, आवडीच्या गोष्टी सोडून देणं यावरून ओळखावं लागतं. न्यूरॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा हे तुम्ही स्वतः सांगा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर, मला ते शब्द फार आवडतात. तुमच्यासारख्या कितीतरी शुभंकर तिथे भेटतील, तुम्ही जे लाजत लाजत लिहिलंत ते त्या मोकळेपणाने बोलतात.

आणि काकू, आज रात्री त्यांना सरळ विचारा ना, माझा कंटाळा आलाय का. विचारा आणि चेहऱ्याकडे न बघता त्यांचा हात हातात घेऊन बसा.

प्रश्न : मॅडम मी सोलापूरला रिक्षा चालवतो, वय 38. काल सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळायला लागलं, आरशात बघतो तर तोंड वाकडं आणि डावा डोळा मिटंना. सगळे म्हणतात वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा, गावाकडं एकजण झाडपाल्याचं देतो. पॅसेंजर तोंड बघून दुसऱ्या रिक्षात बसतात, एक बाई म्हणाली प्यायलाय हा. मी दारूला शिवत पण नाही. काय करू?

उत्तर : हा मेसेज व्हॉट्सअॅपवर आला होता आणि त्याला मी त्याच संध्याकाळी फोन करून उत्तर दिलं कारण यात वेळ फार महत्त्वाचा आहे, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

आधी एक बघायचं, कपाळाला आठ्या पडतात का, हातपाय उचलतायत का, बोलणं जड झालंय का. तोंड वाकडं झालंय पण कपाळ नीट हलतंय, किंवा हात लुळा वाटतोय, शब्द अडखळतायत, तर तो मेंदूचा झटका असू शकतो, एक मिनिट न घालवता मोठं हॉस्पिटल. हे वेगळं काढणं डॉक्टरांचं काम आहे, म्हणून घरी बसून ठरवू नका. या दादांचं कपाळही त्या बाजूला हलत नव्हतं आणि बाकी सगळं ठीक होतं, डॉक्टरांनी तपासून बेल्स पाल्सी सांगितलं. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते, तिला सूज आली की तिथेच ती चेपली जाते. त्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त फायदा. शुगर असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि कानात किंवा कानाभोवती फोड आले असतील तर तेही.

कबुतराच्या रक्ताने काही होत नाही. त्या मुक्या जीवाचा जीव जातो आणि तुमचे ते 72 तास जातात. आणि लोकांना त्याने बरं वाटल्याचं का वाटतं ते पण सांगते, या आजारात काहीही केलं नाही तरी दहातले साधारण सात जण पूर्ण बरे होतात, मग श्रेय कबुतराला मिळतं. पण आपण उरलेल्या तिघांत असू का हे आधी कुणालाच कळत नाही.

डोळा सांभाळा, हे तोंडापेक्षा महत्त्वाचं आहे. दिवसा ड्रॉप, रात्री मलम आणि पापणी बोटाने खाली ओढून कागदी चिकटपट्टी लावून झोपायचं, उघडा राहिलेला डोळा सुकून बुबुळाला जखम होते. फुगे फुगवणं, च्युइंगम चघळणं, तोंड जोरजोरात वेडंवाकडं करणं नको, नस परत वाढताना चुकीच्या जागी जोडली जाते आणि मग हसायला गेलं की डोळा मिटतो, अशी माणसं मी बघितलीत. चेहऱ्याच्या स्नायूंना मशीनने करंट देतात, तो मी स्वतः सुरुवातीच्या आठवड्यांत लावत नाही. आरशासमोर हळू, छोटी छोटी हालचाल, तीही शिकून.

रिक्षा त्यांना आठवडाभर तरी बंद ठेवायला सांगितली, वाऱ्याने डोळा जाईल म्हणून, रोजच्या कमाईवर पाणी सोडायचं हे सोपं नाही मला माहीत आहे. त्या बाईंबद्दल काय बोलू. वाकडं तोंड दिसलं की दारू, एवढं आपलं ज्ञान. पुढच्या वेळी असा रिक्षावाला दिसला तर बसा त्याच्या रिक्षात, आणि डॉक्टरकडे गेलात का तेवढं विचारा.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, ऑटिझम आहे, नेहमीच्याच शाळेत जातो, अभ्यासात चांगला आहे. पीटीच्या तासाला त्याच्या हातून बॉल एका मुलाच्या नाकावर लागला, रक्त आलं. सर ओरडले तेव्हा हा नुसता सरळ तोंडाने उभा राहिला, उलट थोडं हसल्यासारखं झालं त्याच्या तोंडावर. सरांनी डायरीत लिहिलं, मुलाला पश्चात्ताप नाही, निगरगट्ट आहे. घरी येऊन तो जेवला नाही आणि रात्री तीनदा उठून विचारलं, त्याचं नाक बरं झालं का. मी त्याला आरशासमोर वाईट वाटल्याचा चेहरा करायला शिकवू का?

उत्तर : नका शिकवू. तुमची तळमळ कळते पण नका. रात्री तीनदा उठणारा मुलगा आहे तो, त्याला पश्चात्ताप म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. आपण त्याला खोटा चेहरा लावायला शिकवलं तर तो एवढंच शिकेल की मनात जे आहे त्याला किंमत नाही, लोकांना दिसतं त्याला आहे. शिवाय ते करण्यात त्याची सगळी शक्ती जाईल आणि त्या सगळ्यात सर काय बोलतायत हे त्याला ऐकूही येणार नाही.

बऱ्याच ऑटिस्टिक मुलांचं मन आणि चेहरा आपल्याला सवय आहे तसे एकत्र चालत नाहीत, टेन्शनमध्ये चेहरा थिजतो किंवा भलत्या वेळी ओठ हसल्यासारखे होतात. डेमियन मिल्टन म्हणून ब्रिटनमधले एक अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी 2012 मध्ये एक मुद्दा मांडला तो मला फार पटतो, की न कळणं हे दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला आपले चेहरे वाचता येत नाहीत हे आपण सारखं म्हणतो, पण आपल्याला त्यांचे वाचता येत नाहीत हे म्हणत नाही. सरांना तुमच्या मुलाचा चेहरा वाचता आला नाही आणि डायरीत शेरा मिळाला मुलाला.

त्याला वाईट वाटलं की काय करायचं हे मात्र शिकवा, चेहऱ्याशिवायचं. ‘सॉरी, मुद्दाम नाही केलं, तुला लागलं का’ एवढं वाक्य, किंवा चिठ्ठी लिहून देणं, किंवा त्या मुलाला पाण्याची बाटली नेऊन देणं. तो रात्री जे तीनदा विचारत होता तेच त्याला दुसऱ्या दिवशी त्या मुलाला विचारू दे, तुम्ही सोबत जा हवं तर.

आणि सरांना भेटा, भांडायला नको. 2016 च्या त्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझम आहे, शाळेने अशा मुलाला सामावून घ्यायचं असतं, पण ती भाषा पहिल्या भेटीत नका काढू. बऱ्याच शिक्षकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. डायरीत सरांच्या शेऱ्याखालीच असं काहीतरी लिहून द्या, मी मजकूर देते, बदल करून घ्या :

‘सर, नमस्कार. त्या दिवशीच्या प्रकाराबद्दल माझ्या मुलाला फार वाईट वाटलं आहे. तो रात्री जेवला नाही आणि त्या मुलाची चौकशी करत होता. त्याला ऑटिझम असल्यामुळे मनातलं चेहऱ्यावर येत नाही, घाबरला की कधी कधी हसल्यासारखं दिसतं. कृपया त्याला ओरडण्याआधी बाजूला घेऊन शांतपणे विचारा, काय झालं, तुला काय वाटतंय. आणि उत्तरासाठी थोडं थांबा, दहापर्यंत आकडे मोजाल एवढं. तो सांगतो.’